अर्जामागून गेलेला फोन

"तुमच्या विद्यार्थिनीसाठी आमच्या कुलगुरूंच्या ऑफिसात एका नेत्याचा फोन आला होता. हे तुम्ही करायला सांगितलंत का?"

प्रश्न इंग्रजीत होता आणि आवाज थंड. विचारणाऱ्या बाई परराज्यातल्या एका नावाजलेल्या विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसर. मी बीडमध्ये, बसस्टँडमागच्या आमच्या मार्गदर्शन केंद्रात. अर्जात संपर्कासाठी केंद्राचा नंबर दिलेला, म्हणून फोन मला.

"नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

"आमच्या नियमानुसार कॅनव्हासिंग केलं तर अर्ज रद्द होतो. सध्या सानियाचा अर्ज ऑन होल्ड आहे. उद्या संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा पाठवा. परवाचा इंटरव्ह्यू होणार की नाही, ते खुलासा वाचून ठरवू."

कॅनव्हासिंग म्हणजे साध्या मराठीत वशिला लावणं. ऑन होल्ड म्हणजे अर्ज फेकलेला नाही, पण कचऱ्याच्या टोपलीवर धरलेला आहे.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चांगल्या विद्यापीठात जायला नव्वदच्या वर टक्के लागतात, असं आपल्याकडे न्हाव्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळे सांगतात. हे अर्धवट आहे. काही विद्यापीठं बारावीच्या मार्कांची फक्त किमान अट ठेवतात. ती पार केली की त्यांची स्वतःची लेखी परीक्षा, मग एसओपी, मग इंटरव्ह्यू. एसओपी म्हणजे 'मला हेच का शिकायचंय' हे स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं निवेदन. या वाटेवर अठ्ठावन्न टक्क्यांवाली मुलगी अठ्ठ्याण्णववाल्याच्या शेजारी बसते आणि कधीकधी त्याच्या पुढे जाते. वाट सरळ आहे, कायदेशीर आहे, उघडी आहे. बीडमध्ये ती फारशी कोणाला माहीत नाही, कारण तिच्यावर कोणाचं दुकान चालत नाही. आमचं केंद्र ही वाट दाखवतं.

सानिया याच वाटेने निघाली होती. मांजरसुंब्याला हायवेच्या कडेला तिच्या वडिलांचं, सलीमभाईंचं, ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिने बारावीला सायन्स घेतलं, अठ्ठावन्न टक्के पडले, फिजिक्स काठावर सुटलं. एक वर्ष घरी गेलं. सलीमभाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, "ह्या साली तुज्या मनासारखं करून बघ. न्हाई झालं तर गप डी.फार्मसी." त्यांचंही चुकत नव्हतं. दोन वर्षं पोरगी घरी बसवून ठेवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

तिचा पहिला एसओपी मी वाचला तेव्हा डोकं फिरलं. 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे.' इंटरनेटवरून उचललेला.

"हे तू लिहिलंस?"

"न्हाई ताई. पण समद्यांचं असंच असतंय."

"मग समद्यांना ॲडमिशन देतील. तुला कशाला?"

मग मी विचारलं, गॅरेजवर दिवसभर काय करतेस? तेव्हा ती बोलायला लागली. ट्रकवाले तिच्याकडे मोबाइल घेऊन येत. कॅमेऱ्याने फोटो काढून दंड पाठवतात, ते ई-चलान. मेसेज इंग्रजीत. कुठे, कशाबद्दल, काहीच कळायचं नाही. सानिया वाचून सांगायची. एका ड्रायव्हरला तर तो त्या दिवशी गेलाच नव्हता अशा गावातला दंड आला होता. तक्रार ऑनलाइन करता येते, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, "तक्रार राहू दे, साहेबांशी ओळख असलेला कोण हाय का बघ." तिला हे फार लागलं. नियम आहे, तक्रारीची सोय आहे, तरी माणूस ओळखच का शोधतो? हाच तिचा प्रश्न होता आणि तोच तिला शिकायचा होता. आम्ही तोच लिहिला. लेखी परीक्षा ती पास झाली. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. आणि त्यावर हा फोन.

मी सानियाला फोन लावला. तिला काहीच माहीत नव्हतं. "अब्बाला इचारते," म्हणाली आणि फोन ठेवला.

आमचे सर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, निवृत्त प्राध्यापक आहेत. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "वैशाली, सोपं आहे. लिहून टाक, या फोनशी उमेदवाराचा किंवा कुटुंबाचा काहीही संबंध नाही. कोणीतरी परस्पर उद्योग केला."

"सर, ते खरं आहे का, हे मला अजून माहीत नाही."

"माहीत करून घेऊच नकोस. मग खोटंही ठरत नाही."

"आपण पोरांना रोज सांगतो, स्वतःचं लिहा, खरं लिहा. आणि अडचण आली की पहिलाच कागद खोटा? मग मार्कशीटच छापून घेऊ की एखादी."

सर चिडले नाहीत. त्यांनी मला शांतपणे एक वाक्य ऐकवलं. "तत्त्व तुझं आहे. वर्ष तिचं जाईल."

मी स्कूटी काढली आणि मांजरसुंब्याला निघाले.

गॅरेजवर सलीमभाई एका ट्रकखाली आडवे होते. माझा आवाज ऐकून बाहेर सरकले. चेहऱ्यावर ग्रीस आणि खुशी दोन्ही.

"या मॅडम! पोरगी सकाळधरनं रडून राह्यली. कावून ते सांगंना. म्या तर तिचं काम पक्कं करून आलो!"

"काय केलंत, सलीमभाई?"

"आबासायबांना सांगितलं. त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स खोलला होता तवा गोष्ट निघाली. म्हनले, सलीम, तुजी पोरगी म्हंजे माजी पोरगी. हितंच खुर्चीवर बसून फोन लावला त्यांनी. मोठ्या सायबाच्या ऑफिसात!"

आबासाहेब म्हणजे या भागातले जुने पुढारी. जिल्हा परिषदेवर होते. आता पद नाही, पण फोन आहे. आणि आमच्याकडे पदापेक्षा फोन मोठा. रेशनकार्डावर नाव वाढवायचं, विजेची डीपी जळाली, दवाखान्यात खाट पाहिजे, सगळ्याला फोन. लोक अर्ज देतात ते फोनवर सांगायला काहीतरी नंबर असावा म्हणून. सलीमभाईंनी लाच दिली नव्हती, कोणाला धमकावलं नव्हतं. एका बापाला अर्जाचा जो भाग राहिला असं वाटलं, तो त्याने पूर्ण केला होता.

मी त्यांना नियम सांगितला. त्यांच्या हातातला पाना खाली गेला.

"म्हंजे... म्या बिघडवलं?"

मागे सानिया दारात उभी होती, डोळे सुजलेले. तीच म्हणाली, "अब्बा, चला आबांकडं. आधी त्यांना थांबवाया पायजे. ते परत फोन लावतील."

पोरीने अचूक ओळखलं होतं. आबासाहेब शेजारच्या ढाब्यावर बाजेवर बसले होते आणि हातात मोबाइलच होता.

"या या मॅडम. सलीम, चहा सांग. झालं ना पोरीचं काम?"

"आबासाहेब, काम अडलंय," मी म्हणाले. "तुमच्या फोनमुळे."

"माज्या? कावून? म्या तर लई अदबीनं बोललो. म्हनलो, पोरगी आपल्या घरची हाय, गरिबाची हाय, जरा लक्ष असू द्या. शिवी दिली का काय?"

"तेवढंही चालत नाही तिथे."

त्यांना ते खरंच कळेना. मग त्यांना मार्ग सापडला. "अस्सं. म्हंजे फोन खालच्या मानसाला गेला. थांबा. दिल्लीत आपला एक जन हाय, त्याला वरून बोलाया लावतो."

सानियाने पुढे होऊन मोबाइलवर हात ठेवला. या भागात आबासाहेबांच्या फोनवर कोणी हात ठेवत नाही. ढाब्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले.

"आबा, न्हाई. हात जोडते तुमाला. आता कोनालाच न्हाई."

आबासाहेब तिच्या हाताकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरं. मग असं करा. लिहा की आबासायबांनी फोन केलाच न्हाई. त्यांच्या नावानं दुसऱ्यानंच केला. राजकारनात असं लई होतंय. उद्या कोनी मला इचारलं तर म्या बी तेच सांगन."

खरं सांगते, खोटं म्हणून ते उत्तम होतं. पकडणं अशक्य. सरांच्या खोट्यापेक्षा सरस. सलीमभाई आशेने माझ्याकडे पाहायला लागले. "मॅडम, लिहा ना मग तसं."

मी सानियाकडे वळले. अर्ज तिचा, वर्ष तिचं. माझं म्हणणं तिला माहीत होतं आणि सरांचंही मी तिला तिथेच सांगून टाकलं. काही लपवलं नाही. "खरं लिहिलं तर अर्ज रद्द होऊ शकतो. खोटं लिहिलं तर बहुतेक वाचशील. तू ठरव."

ती बाजेच्या कडेला टेकली. चहा आला, निवला.

"ताई, त्या ड्रायव्हरला म्याच म्हनले होते, ओळख कशाला शोधतो, तक्रार टाक. ते म्या एसओपीत लिवलंय. आता माज्यावर आलं तर म्या बी ओळखीनंच सुटू का?"

"येडी हायस का बे?" सलीमभाई भडकले. बापाने पोरीला 'बे' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "वर्ष जाईल!"

"जाईल तर जाईल, अब्बा. डी.फार्मसी हाईच की."

हे ती हसून बोलली. त्या हसण्यापुढे सलीमभाईंचा राग टिकला नाही.

खुलासा तिने स्वतः लिहिला, इंग्रजीत, तिच्या मोडक्या पण सरळ इंग्रजीत. मी एकही शब्द बदलला नाही. त्यात लिहिलं होतं: फोन झाला. माझ्या वडिलांनी सांगितल्यावरून झाला. मला माहीत नव्हतं. वडिलांना वाटलं की फोन हा अर्जाचाच भाग असतो, कारण आमच्याकडे तो असतो. त्या गृहस्थांनी चांगल्या मनाने केला. तुमच्या नियमात हे बसत नसेल तर तुमचा निर्णय मला मान्य आहे. बसत असेल तर मला इंटरव्ह्यूत विचारा, मी उत्तर देईन.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "गेलं वर्ष." पण सेंड त्यांनीच दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. इंटरव्ह्यू ठरल्याप्रमाणे होईल. निर्णय नंतर.

इंटरव्ह्यू ऑनलाइन होता, आमच्याच केंद्रातल्या आतल्या खोलीत. उमेदवार एकटा पाहिजे, दार बंद पाहिजे. मी आणि सलीमभाई समोरच्या चहाच्या गाड्यावर उभे. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॅमेऱ्यात ते दिसणार नव्हते, तरी घातला होता.

"मॅडम, तिथं कोनी वळखीचं न्हाई, मंग ते लोक मानूस निवडतात कसं?"

"बोलून बघतात, सलीमभाई."

"नुसतं बोलून?"

"नुसतं बोलून."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, धीर धरायचा म्हणून.

बाहेर आल्यावर सानिया आधी पाणी प्यायली आणि मग सांगितलं. तीन जण होते. पहिला प्रश्न फिजिक्सचाच. एवढे कमी मार्क कसे? आम्ही मुलांना या प्रश्नाची तयारी करून घेतो. आजारपण होतं, घरी अडचण होती, असली कारणं बहुतेक जण शोधतात. सानियाने सांगितलं, "मला ते समजलं नाही आणि आवडलंही नाही. आमच्याकडे हुशार मुलीने आर्ट्स घेतलं तर लोक घरी चौकशीला येतात, म्हणून सायन्स घेतलं. ती निवड माझी नव्हती. ही माझी आहे."

मग फोनचा प्रश्न आला. पॅनेलवरच्या बाईंनी सरळ विचारलं, तुझ्या वडिलांनी केलं ते चूक की बरोबर?

"म्या म्हनले, चूक," सानिया सांगत होती. "पन एकट्या अब्बाची न्हाई. ज्या ऑफिसात फोनाबिगर कागद हलत न्हाई, त्या ऑफिसानं अब्बाला हे शिकवलं. इतकी वर्षं शिकवलं. तुमच्याकडं तसं न्हाई, हे त्यांना कोन सांगनार? तुमचा नियम वेबसाइटवर इंग्रजीत हाय. ट्रकवाल्याचं चलान बी इंग्रजीतच येतंय."

"मग?" मी विचारलं.

"मंग लगेच 'थँक यू' म्हनले. एक सर लिहित होते. मला वाटलं, गेलं."

सलीमभाईंनी हे सगळं ऐकलं होतं. आपली चूक परराज्यातल्या तीन प्राध्यापकांसमोर मांडली गेली, याचं त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "माजं नाव घेतलं का तिथं?"

"घेतलं, अब्बा."

"बरं केलं," ते म्हणाले आणि चहाचे पैसे द्यायला वळले.

निकाल महिन्याभराने आला. सानियाला प्रवेश मिळाला. फी माफ, राहणं-जेवणही विद्यापीठाकडे. पत्रात फोनचा उल्लेख नव्हता. मी केंद्रात एवढ्या मोठ्याने ओरडले की खालच्या झेरॉक्सवाल्याला वाटलं भांडण लागलं. सरांनी पेढे स्वतः आणले. आणताना म्हणाले, "मी चुकलो, हे लिहून देऊ का?" मी म्हणाले, "तोंडी चालेल."

त्याच आठवड्यात त्या ॲडमिशन ऑफिसर बाईंचा फोन आला. आवाज या वेळी थंड नव्हता. "तुमच्या त्या साहेबांचा आमच्याकडे पुन्हा फोन आला होता."

"कशासाठी?"

"आभार मानायला. काम केल्याबद्दल."

आबासाहेबांची पक्की समजूत झाली होती की काम त्यांच्याच फोनने झालं. आणि नुसती समजूत नव्हती. मांजरसुंब्याच्या चौकात फ्लेक्स लागला. वर आबासाहेब, मोबाइल कानाला लावलेले. खाली कोपऱ्यात सानिया, आधार कार्डावरचा फोटो. सत्काराचा कार्यक्रम ठेवला. मांडव, खुर्च्या, शाली, नारळ. ढाबेवाले, ट्रकवाले, आसपासच्या गावांतली पोरं आणि त्यांचे आईबाप.

आबासाहेब माइकवर उभे राहिले. "मित्रहो, लोक म्हनतात आता माज्याकडं पद न्हाई. पन एका फोनवर, फक्त एका फोनवर, आपल्या सलीमची लेक..."

टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत दात आवळून बसले होते. उठून बोलावं असं दहादा वाटलं. पण कार्यक्रम तिचा होता.

सानियाला शाल घातली, दोन शब्द बोल म्हणाले. तिने माइक खाली ओढून घेतला.

"आबांनी माज्यासाठी फोन केला. माया केली म्हनून केला. त्यांचे उपकार हाईत. पन सगळ्यांसमोर खरं सांगते. त्या फोननं माजं ॲडमिशन जात होतं. अर्ज रद्द करनार होते. खरं काय झालं ते म्या लिहून दिलं, म्हनून वाचलं. बारावीला मला अठ्ठावन्न टक्के हाईत, फिजिक्स काठावर हाय. हे बी सांगते. हितं बसलेल्या कोनाला पंचावन्न असतील, साठ असतील, त्यांनी घरी बसू नका. अर्ज करा. तुमचा तुमी करा. आनी फोन लावू नका."

सगळ्यांच्या नजरा आबासाहेबांवर. मलाही वाटलं, आता हे उठून जाणार आणि सलीमभाईंच्या गॅरेजवर याचा राग निघणार.

आबासाहेब मोठ्याने हसले, पोट हलेपर्यंत. उठले, तिच्या हातात नारळ दिला आणि माइकमध्ये म्हणाले, "पोरगी लई खरं बोलती. हिला कोनी राजकारनात घेऊ नका."

सगळा मांडव हसला. माणूस पुढारी होता, पण कोता नव्हता. फ्लेक्स मात्र पुढे बरेच दिवस तसाच होता.

सानिया आता तिकडे शिकते आहे. पहिल्या परीक्षेतही मार्क काही फार नाहीत, पण आता तिला कोणी ते विचारत नाही. ती काय विचारते हे बघतात.

आमच्या केंद्रात पालक आले की कागदपत्रांच्या आधी मी एकच सूचना देते: फोन लावायचा नाही. कोणालाच नाही. परवा अंबाजोगाई तालुक्यातून एक गृहस्थ आले होते, लेकाला एकसष्ट टक्के. सूचना ऐकून ते हळूच म्हणाले, "मॅडम, नुसत्या अर्जावर होतंय?"

"होतं."

"कोनाचं झालंय?"

मी त्यांना मांजरसुंब्याच्या गॅरेजचा पत्ता दिला. ते सलीमभाईंना भेटून आले आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरला. काय बोलणं झालं, मी विचारलं. ते म्हणाले, "त्यांनी आधी माजा मोबाइल मागून घेतला, टेबलावर पालथा ठेवला, आनी मंग बोलाया सुरुवात केली."

मार्क कमी असले तरी चांगलं विद्यापीठ मिळू शकतं. पण आपल्याच पोरावर विश्वास कमी असला तर मिळत आलेलंही एका फोनने हातचं जातं. एवढंच मी या धंद्यात शिकले.